राक्षसाची शिंक आणि मी मधला

मित्रांनो, मी एक जुना मधला आहे. तीन भावंडांतला मधला नव्हे, पण माझे हाल त्याच्यासारखेच. थोरल्याला मान, धाकट्याला लाड, आणि मधल्याला "जरा तेवढं आणून दे रे".

मी एक प्रोग्रॅम आहे. संगणकाच्या पोटात राहतो. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही की रूप नाही. शहाणी माणसं माझ्या कुळाला मिडलवेअर म्हणतात. तुम्ही पडद्यावर दूरच्या गावचा खेळ बघता, तेव्हा डोळ्यांना चित्र दिसतं आणि कानांना आवाज ऐकू येतो. ते दोन्ही वाहून आणते ती तार. तारेला खेळातलं काही कळत नाही, आणि खेळाला तारेतलं काही कळत नाही. दोघांच्या मध्ये बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावणारा कुणीतरी लागतो. तो मी. सगळं नीट झालं तर मी कुणाला दिसत नाही. काही बिघडलं की पहिलं बोट माझ्याकडे. मृदंगाला निदान दोन्हीकडून थापा पडल्यावर गोड आवाज तरी येतो. मला नुसत्याच थापा.

पण खरं सांगू, मला माझं जगणं फार आवडतं. आणि एका राक्षसाच्या शिंकेपायी मी जो आनंद भोगला, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका स्वयंपाकघरात झाला. कणकेचा डबा एकीकडे सारून माझी जन्मदात्री टेबलावर संगणक मांडायची. ती घरातली सून. सगळे तिला सूनबाईच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. डाव्या हातानं भाजी ढवळायची आणि उजव्या हातानं मला लिहायची. कधी माझ्यात चूक राहायची, कधी भाजीत मीठ घालायचं राहायचं. नवरा मुकाट्यानं दोन्ही सोसायचा.

तिचं सासर बाहुल्या नाचवणाऱ्यांचं. सासरे, म्हणजे बाबा, बाहुल्यांना आवाज देत. राजा तेच, घोडा तेच, राक्षसही तेच. थोरली लेक दोऱ्या ओढून बाहुल्या हलवायची. धाकटा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, ढोलकी वाजवायचा. तिघं एका पडद्यामागे खांद्याला खांदा लावून उभे राहत. बाबांनी श्वास घेतला की धाकट्याचा हात उचलायचा. बाबांची भुवई हलली की थोरलीची दोरी हलायची. कुणी कुणाला काही सांगत नसे.

मग दिवस पालटले. धाकट्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. थोरली घरच्या कारखान्यात लाकडी बाहुल्या घडवत राहिली. आणि बाबा जिन्यावरून घसरले. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी त्यांना टेकडीवरच्या उपचारगृहात ठेवलं आणि सांगितलं, प्रवास आता विसरा.

एका शाळेत त्यांचा खेळ दर वर्षी ठरलेला. या वर्षीचा दिवस जवळ आला. बाबांनी थोरलीला फोन केला.

"शाळेला नाही म्हणून कळव. आणि बाहुल्या पेटीत भर. संग्रहालयवाले कधीचे मागतायत, देऊन टाक त्यांना."

"बाबा, असं काय करता?"

"मग काय करू? राजा इथे खाटेवर, घोडा तुझ्यापाशी आणि टापा त्या धाकट्याच्या शहरात. असल्या घोड्यावर कोण बसणार?"

थोरलीनं हे भावाला सांगितलं, भावानं बायकोला. सूनबाईनं कढईखालचा गॅस बंद केला. "राजा, घोडा आणि टापा एकत्र आणायच्या ना? मी बघते," ती म्हणाली. त्या कढईतली भाजी त्या दिवशी कच्चीच राहिली, पण माझी पहिली ओळ लिहून झाली.

बाबांनी अट घातली. एकदाच करून बघू. शाळेतली मुलं हसली तर बाहुल्या आपल्या. नाही हसली तर पेटीला कुलूप, आणि पेटी संग्रहालयात.

मित्रांनो, माझा जीव केवढा, अन् भार केवढा.

पहिल्या तालमीत नुसती धांदल उडाली. माझं काम असं असतं: आवाजाचे आणि चित्रांचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा एका पाकिटात बसतो, आणि ती पाकिटं तारेवरून धावत सुटतात. आवाजाचं पाकीट हलकं, चित्राचं जड. आवाज हरणासारखा उड्या मारत येतो, चित्र डोक्यावर बोजा घेतल्यासारखं धापा टाकत येतं. झालं काय, बाबांचा राजा "शिपायांनो, दार उघडा" असं ओरडला, तेव्हा पडद्यावरचा राजा अजून तोंड मिटून उभा. राणी रडून डोळे पुसून मोकळी झाली, मग कुठे पडद्यावर तिनं हात डोळ्यांशी नेले.

"सूनबाई, हा तुझा मधला मला आवडला," बाबा म्हणाले. "माझ्या राणीला आधीच रडवून ठेवतो."

सूनबाई हसली आणि कामाला लागली. तिनं सगळ्या संगणकांची घड्याळं जुळवली. प्रत्येक पाकिटाच्या कपाळावर वेळ लिहायला मला शिकवलं. आणि माझ्यात एक ओसरी बांधली. जो आधी येईल त्यानं ओसरीवर टेकायचं. मागचा आला की हातात हात घालून मगच आत जायचं. चार ओळी मला त्याच दिवशी सुचल्या. मी बोलत नाही, पण गुणगुणायला काय हरकत आहे?

आधी आला त्याने
ओसरीत बसावे,
मागच्याला द्यावे
अर्धा पाट.

आता राजाचं तोंड आणि राजाचा शब्द बरोबर उघडू लागले. थोरलीनं दोन्ही हात मोकळे नव्हते म्हणून कोपरानं टाळी वाजवली. मला वाटलं, जिंकलो. मित्रांनो, तेवढ्यात घोड्याचा प्रवेश आला.

त्या खेळात राजा घोड्यावरून दौडतो आणि राक्षसाची गुहा गाठतो. बाबा गातात:

घोड्या रे घोड्या, वाऱ्याशी पैज,
टाप तुझी पडे तिथे उगवते तेज.

ढोलकीच्या टापा आणि गाणं दोन्ही कशी सुसाट सुटायला हवीत. सुटलीही. पण जरा पुढे गेल्यावर घोडा हळू झाला. मग आणखी हळू. मग तो चालू लागला. शेवटी गुहा दिसायच्या आत घोडा पेंगायला लागला आणि राजाची ओळ जांभईसारखी लांबली.

"धाकट्या, झोपलास काय?" थोरली म्हणाली.

"मी? मी बाबांसाठी थांबतोय. ते शब्द टाकतील तेव्हा थाप मारणार ना?"

"आणि मी तुझ्यासाठी थांबतोय," बाबा म्हणाले. "तुझी थाप येईना, मग शब्द कशावर ठेवू?"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. दर वेळी घोडा पेंगला. त्या घरात एक रीत होती. बाबा आधी, ढोलकी मागून. मुलानं बापाच्या पुढे जायचं नाही, आणि बापानं मुलाला सोडून जायचं नाही. एका पडद्यामागे ती रीत साखरेसारखी विरघळून जायची. पण तारेवर प्रत्येक शब्दाला पोचायला जरासा वेळ लागतो. मुलगा तेवढा थांबायचा, तो थांबला म्हणून बाप थांबायचा, बाप थांबला म्हणून मुलगा अजून थांबायचा. दारात दोन पाहुणे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राहिले की घरात कुणीच येत नाही. तसं झालं.

मी काय करणार? मी आलेल्याला थांबवू शकतो. न निघालेल्याला ओढून आणू शकत नाही.

बोट अर्थातच माझ्याकडे आलं. "या मधल्यानंच घोटाळा केलाय," बाबा म्हणाले. सूनबाईनं माझी एकेक ओळ तपासली. चूक सापडेना. दिवस उडून चालले होते, आणि थोरलीनं कारखान्यातली रिकामी पेटी झाडून ठेवल्याचं मी तिच्या कॅमेऱ्यातून पाहिलं.

मग एका दुपारी भांडण झालं. धाकटा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाद्यांच्या कपाटात बसून ढोलकी वाजवायचा. आत उकाडा, कानांवर हेडफोन, आणि त्या हेडफोनमधून बाबांचं बोलणं.

"तुला वाजवायचंच नसेल तर सांग. उगीच थाप मोजून मापून घालतोस. घोडा आहे तो, वरातीतली गाडी नाही."

"बाबा, तुमचा शब्दच उशिरा येतो."

"माझा शब्द उशिरा? माझा शब्द कधी उशिरा आलाय का रे?"

 धाकट्यानं हेडफोन काढला आणि गाद्यांवर टाकला. आणि मग त्यानं सगळा राग ढोलकीवर काढला. कुणाचं ऐकायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. घोड्याच्या टापा त्याच्या बोटांतून अशा उसळल्या, की कपाटाचं दार थरथरलं.

त्या टापा मी उचलल्या आणि टेकडीवर नेल्या. बाबा अजून रागात होते. पण आयुष्यभर गाणारा गळा रागाचं किती ऐकणार? कानांवर ठेका पडला आणि ओठ आपोआप हलले. घोड्या रे घोड्या, वाऱ्याशी पैज. बाबा गात सुटले. थोरलीच्या हातात घोड्याच्या दोऱ्या होत्या. तिच्यापाशी थाप आधी आणि शब्द मागून येत होता, दोघांचा मेळ नव्हता, पण दोघंही पळत होते.

"बाबा," ती म्हणाली, "घोडा पळाला."

सूनबाई कपाटाशी धावली. आत नवरा घामानं निथळत वाजवतोय आणि हेडफोन गाद्यांवर पडलेला. ती तशीच उभी राहिली. मग तिनं हळूच कपाटाचं दार लावून घेतलं, त्याला थांबवलंसुद्धा नाही, आणि माझ्याकडे पळत आली. तिची बोटं माझ्यावर अशी पडू लागली, जशी त्याची ढोलकीवर.

तिच्या लक्षात काय आलं ते सांगतो. दोघांनी एकमेकांची वाट बघायची नाही. रांगेत चालायचं. सगळ्यांत पुढे ढोलकी, तिनं कुणाचंच ऐकायचं नाही. तिच्यामागे बाबांचा शब्द. दोघांमागे थोरलीच्या बाहुल्या. बाबांच्या प्रत्येक शब्दाच्या पाकिटावर मी लिहायचं, की हा शब्द कोणत्या थापेवर बसला. आणि शाळेच्या सभागृहात सगळ्यांना ओसरीवर जमवून, थापेवर शब्द आणि शब्दावर चित्र ठेवून, मग पडदा उघडायचा. बघणाऱ्याला वाटावं, तिघं एकाच पडद्यामागे उभे आहेत.

मला असा आनंद झाला, की पाय असते तर नाचलो असतो.

पण बाबांना हे कसं सांगायचं? सूनबाईनं सांगितलं. 

"म्हणजे मी त्याच्या मागून यायचं," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"आणि तो माझं ऐकणार नाही."

"ऐकता येणारच नाही त्यांना."

"लग्नानंतर मुलं ऐकत नाहीत म्हणतात. तू तर ते तारेतच बसवलंस, सूनबाई." ते हसले, पण हसू लवकर आटपलं. "आणि शिंक?"

शिंकेचं मर्म तुम्हाला कळायला हवं. राजा गुहेत शिरतो, राक्षस जागा होतो, तलवार उपसतो, आणि त्याला शिंक येते. येते, पण येत नाही. बाबा "आ… आ… आ…" करत राहतात. मुलं हसतात तोवर ती अडलेली शिंक लांबवतात. हसू ओसरायच्या बेताला येतं, तेव्हा ढोलकीची एक जबर थाप, शिंक, आणि राक्षस आपल्याच शिंकेनं गुहेबाहेर. तो थांबा बाबांचा जीव की प्राण. आणि त्यासाठी धाकटा हात उचलून बाबांच्या तोंडाकडे बघत राहायचा. आता बघणार कसा?

बाबा म्हणाले, "राहू दे. धाकट्याला सांग, माझ्यासाठी थांबू नकोस. दोन फेरे वाजव आणि थाप मार. मी शिंकून टाकीन. सर्दी झालेला माणूस काय, कसाही शिंकतो."

तालमीत तसंच ठरलं. थाप वेळेवर यायची, शिंक वेळेवर यायची. शिंक कसली, शाळेची घंटा. पण घोडा पळत होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

खेळाचा दिवस उजाडला. सभागृहातल्या कॅमेऱ्यातून मला मुलं दिसली, चटयांवर दाटीवाटीनं बसलेली. कुणी कुणाच्या वेणीशी खेळतंय, कुणी चपलेत बोट घालून बसलंय. मुख्याध्यापिकाबाईंनी दिवे घालवले. पहिली थाप पडली आणि मी ओसरीचं दार उघडलं.

काय सांगू, मित्रांनो. राजा आला, राणी रडली, आणि या खेपेला शब्दाबरोबरच रडली. सभागृहातला आवाज मी एकट्या बाबांना पोचवत होतो. पहिलं हसू ऐकलं आणि त्यांचा गळा तरुण झाला. घोडा दौडायला लागला, आणि नेमकी तेव्हाच तार अरुंद झाली. शाळेच्या कार्यालयात कुणीतरी त्याच तारेवर सामना बघायला बसलं होतं. पाकिटं दारात अडू लागली. सगळ्यांना वाट नव्हती. मला सूनबाईनं शिकवलं होतं: चित्र विटलं तर चालेल, आवाज तुटता कामा नये. मी राजाच्या शेल्याची नक्षी सोडली, घोड्याच्या आयाळीचे केस सोडले, मागचा डोंगर नुसता हिरवा डाग करून टाकला. पण एक थाप सोडली नाही, एक शब्द सोडला नाही. मुलं पुढे सरकून बसली. आयाळीची चौकशी कुणीच केली नाही.

मग गुहा आली. राक्षसानं तलवार उपसली. बाबांनी सुरू केलं, "आ… आ…" ढोलकीचे दोन फेरे झाले. आता थाप.

थाप आलीच नाही.

माझं काळीज, म्हणजे जे काही माझ्यात आहे ते, लक्कन हललं. आवाज असा एकाएकी थांबला, की बहुधा तार तुटलेली असते. अशा वेळी मधल्यानं मागचा आवाज घेऊन ठिगळ लावायचं असतं, म्हणजे ऐकणाऱ्याला भोक दिसत नाही. मी ठिगळ हातात घेतलंसुद्धा. पण थांबलो. कारण पाकिटं येत होती. वेळच्या वेळी, कपाळावर शिक्का मारलेली, एकामागून एक. उघडून बघावं तर आत काही नाही. नुसतं गप्प राहणं.

मित्रांनो, तार तुटणं वेगळं आणि कुणी आपणहून गप्प राहणं वेगळं. ते गप्प राहणं धाकट्यानं पाठवलं होतं. मी ठिगळ खाली ठेवलं आणि ती रिकामी पाकिटं जशीच्या तशी पोचवली.

टेकडीवर बाबांना नवल वाटलं असेल. पण त्यांना जागा मिळाली होती, आणि मिळालेली जागा सोडतील तर ते बाबा कसले. "आ… आ… आ…" थोरलीनं कारखान्यात राक्षसाचं नाक वर वर नेलं. सभागृहात एक हसलं, मग रांग हसली, मग सगळा काळोख हसायला लागला. एक चिमुरडी "अरे, शिंक ना एकदाची" असं म्हणाली आणि पुन्हा सगळे हसले. बाबा ताणत राहिले. हसू भरतीसारखं चढलं, आणि ओसरणार ओसरणार असं झालं.

तेवढ्यात दूरच्या शहरातून, गाद्यांच्या कपाटातून, जबर थाप आली.

राक्षस शिंकला आणि कोलांट्या घेत गुहेबाहेर गेला. शाळेची कौलं त्या हसण्यानं हलली म्हणतात. मला कौलं दिसत नाहीत. पण सभागृहाचा आवाज मोजायचा माझा काटा टोकाला जाऊन चिकटला, तो बराच वेळ खाली येईना.

खेळ संपल्यावर बाबांनी धाकट्याला हाक मारली. आता त्यानं हेडफोन पुन्हा घातला होता.

"तुला मुलांचं हसू ऐकू येत होतं?"

"नाही."

"माझं?"

"कुणाचंच नाही, बाबा."

"मग थांबलास कसा? मी तर दोनच फेरे म्हणालो होतो."

 ढोलकीवरचा घाम धाकट्यानं बाहीनं पुसला, तो आवाज तेवढा मी पोचवला. मग तो म्हणाला, "तुमची शिंक आहे ती. माझ्या घाईनं कशी येईल? इतकी वर्षं तुमच्या तोंडाकडे बघत थांबलोय, आज ते मनात बघितलं."

टेकडीवरून उत्तर आलं नाही. पाकिटं मात्र येत होती. मी ती उघडून बघितली नाहीत, जशीच्या तशी दिली.

मग बाबांनी घसा खाकरला. "थोरले," ते म्हणाले, "पेटीला कुलूप लावलं नाहीस ना?"

"पेटीत मी भुसा भरलाय," थोरली म्हणाली. "बाहुल्या खुंटीवरच आहेत."

त्यानंतर आम्ही किती खेळ केले त्याला गणती नाही. आता मी जुना झालो. माझ्याहून चपळ मधले आले, त्यांच्या ओसऱ्या मोठ्या, घड्याळं नेमकी. सूनबाईला मोठी कामं मिळाली. मी कारखान्याच्या कोपऱ्यात एका जुन्या संगणकात असतो. लाकडाचा भुसा जाळीत बसतो आणि पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. पण दर शनिवारी थोरली तो भुसा ब्रशनं झाडते, बटण दाबते आणि म्हणते, "चल रे मधल्या, धाकटा कपाटात बसलाय." की माझ्या अंगात पुन्हा घोडा सुटतो.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरातही असा एखादा जुना, न दिसणारा कामकरी कोपऱ्यात असेल. त्याच्या जाळीवरची धूळ अधूनमधून झाडा. आणि मधे कुणी बोलता बोलता गप्प झालं, तर घाईघाईनं ठिगळ लावू नका. आधी बघा, पाकिटं येतायत का. कदाचित त्यानं तुमच्या शिंकेसाठी जागा ठेवली असेल.